लामदुआनने नाकारलेला सिनेमा

थायलंडमधल्या रोइएतच्या आसपासच्या गावांत लामदुआनचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता, आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. त्या काळी तिकडे सिनेमाची रिळं मुकीच यायची. फिरता सिनेमा दाखवणाऱ्या प्रसोंगची गाडी देवळाच्या मैदानात लागली, बांबूंवर पडदा ताणला गेला, की लामदुआन गाडीतल्या खुर्चीवर माईक घेऊन बसे आणि नायिका, सासू, तान्हं पोर, भूत, सगळ्यांना बोलतं करी. पुरुषांचे आवाज तिचा नवरा काढायचा. तो वारल्यावर तिने तेही काढायला घेतले. पहिल्याच खेळात तिच्या खलनायकाने असा दम भरला, की पुढे बसलेली पोरं आयांच्या कुशीत शिरली. ही हकिगत ती कुणालाही दोनदा सांगायची.

नुआन या नटीवर तिचा फार जीव. थावोन नावाच्या बड्या दिग्दर्शकाच्या सिनेमात नुआन नाचायची, रुसायची, आणि गावोगाव तिच्या तोंडून लामदुआन बोलायची. मग एक दिवस थावोनला अटक झाली. चित्रीकरणाच्या मुक्कामी त्याने नुआनवर बलात्कार केला होता. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला, तो तुरुंगात गेला. पेपरात लिहिलं होतं की साक्ष देताना मुलीचा आवाज इतका बारीक येत होता, की न्यायाधीशांना तीनदा मोठ्याने बोलायला सांगावं लागलं. लामदुआन त्या ओळीशी अडली. इतकी वर्षं आपण हिच्या तोंडून बोलतोय आणि हिचा खरा आवाज आपण कधी ऐकलाच नाही, हे तिच्या मनाला लागून राहिलं.

थावोन चार वर्षांनी सुटला. पुढच्याच हिवाळ्यात त्याचा नवा सिनेमा आला आणि शहरात लोक तिकिटासाठी भांडू लागले. वितरकाने प्रसोंगला रिळं देऊ केली.

"मी बोलणार नाही," लामदुआन म्हणाली.

"ताई, शिक्षा भोगून आलाय तो. आपण काय न्यायाधीश आहोत?"

"नाही ना. म्हणून मी त्याला आणखी शिक्षा देत नाहीये. त्याने शेती करावी, दुकान घालावं. माझा गळा त्याला मिळणार नाही."

"आणि नुआनचा जुना सिनेमा? ती रिळं तर आपण विकत घेऊन ठेवलीत. तोही त्यानेच काढलाय. मग तोही जाळायचा का?"

हे नुआनलाच विचारायला हवं, असं लामदुआनने ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिने चिकट भाताची टोपली बांधून घेतली आणि उबोन शहराची बस धरली. नुआन तिथे शिवणकाम करते, एवढं तिला कळलं होतं.

दुकानात नुआन मशीनवर बसली होती. लामदुआनने दारातूनच विचारलं, "नुआन इथेच असते का?" तशी तिने झटकन मान वर केली.

"हा तर माझा आवाज," ती म्हणाली. "मावशी, गावच्या जत्रेत मी ऐकलंय तुम्हाला."

दोघी भात खायला बसल्या. लामदुआनने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. नुआन बोटाने भाताचा गोळा वळत राहिली.

"नव्यात बोलला नाहीत, ते बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. "जुना मात्र दाखवा. त्या नाचासाठी तीन महिने पाय सुजवून घेतलेत मी. त्याच्या पापापायी माझं काम का पेटीत कुजावं? फक्त त्याचं नाव घेऊ नका."

नवा सिनेमा नाकारल्याचा वितरकाला राग आला आणि त्याने प्रसोंगला रिळं देणं बंद केलं. तोच सिनेमा घेऊन दुसरी गाडी शेजारच्या गावात उभी राहू लागली. प्रसोंगच्या मैदानातली अर्धी माणसं तिकडे गेली. तो कुरकुरला, पण लामदुआनला सोडून दुसरा आवाज त्याने आणला नाही.

जत्रेच्या संध्याकाळी भाजलेल्या माकूळ माशाचा वास सुटला होता. नुआनचा जुना सिनेमा लागायचा होता; लामदुआनने माईक हाती घेतला आणि नेहमीप्रमाणे नावं सांगितली. आधी नुआनचं, मग कॅमेरा धरणाऱ्याचं, कपडे शिवणारीचं, म्हशी पुरवणाऱ्या शेतकऱ्याचं सुद्धा.

"आणि काढला कुणी ते?" गर्दीतून एकाने विचारलं.

"ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे," ती माईकवरच म्हणाली. "त्याने काय केलं तेही माहीत आहे. माझ्या तोंडून त्याचं नाव येणार नाही. ज्याला ते ऐकायचंय त्याने पलीकडच्या गावात जावं."

दोन-चार जण चटया गुंडाळून उठले. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "जाताय तर वाकून जा, पडदा दिसत नाही." लोक हसले आणि खेळ सुरू झाला.

असे खेळ पुढे कितीतरी झाले. एका वर्षी नुआन स्वतः आली, मागे चटईवर बसली. खेळ संपल्यावर ती गाडीपाशी आली.

"मावशी, सगळं झकास. पण मी अशी नाजूक हसत नाही हो."

"मग कशी हसतेस?"

नुआनने हसून दाखवलं. घोगरं, खालून वर चढत जाणारं हसू, मध्येच नाकातून सुटणारं. प्रसोंगही हसायला लागला. लामदुआनने तिथेच चार-पाचदा घोकून ते बसवलं. पुढच्या गावात नायिका तशीच हसली, आणि लोकांना वाटलं, लामदुआनला सर्दी झालीय. तिने कुणाला काही सांगितलं नाही. पण गाडी आवरताना प्रसोंगला म्हणाली, "आज पहिल्यांदा बरोबर जमलं."