खंड्याची ओळख परेड

त्या मे महिन्यात नणंदेने पुण्याहून पाठवलेलं पार्सल शिरूरला आमच्या घरी आलं. दोन फ्रॉक, शेवयांची पिशवी आणि एक चित्रांचं पुस्तक. पुस्तकाची किंमत पंचेचाळीस रुपये... वीस पानांना! एवढ्यात सुमीच्या वर्षभराच्या वह्या आल्या असत्या, हेच आधी मनात आलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सुमी, माझी मुलगी, तेव्हा दुसरीत. सासरे आबा निमोणे गावची मेंढरं विकून नुकतेच आमच्याकडे आले होते, सोबत कळपाचा कुत्रा खंड्या. परक्यावर भुंकायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम... आणि इथे अख्खी गल्लीच परकी!

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण साळवे मॅडमना लहानपणी कुत्रा चावलेला, पोटात चौदा इंजेक्शनं. त्यांनी निरोप दिला, रविवारपर्यंत कुत्रा हलवा.

"त्यो जाईल तिथं म्या बी जातो," आबा म्हणाले. गावी आता त्यांना करून घालणारं कुणी नव्हतं, आणि हे तर दौंडला नोकरीला, आठवड्याने येणार. मी देवापुढे बसले तरी जपात मन लागेना...

सुमीच्या त्या पुस्तकात शहरातली एक मुलगी नवं पिल्लू घेऊन गल्लीतल्या प्रत्येक दारी जाते, ओळख करून देते आणि प्रत्येकाच्या हातून त्याला खाऊ भरवते. सुमीने ते पान आबांपुढे धरलं.

"आमच्यात बी हाय की ह्ये. नवा गडी आला की त्याच्या हातनं कुत्र्याला भाकर द्यायची. मंग न्हाई भुंकत."

"अहो आबा, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"शहरगावची मान्सं हातानं भाकर देत्यात व्हय कुत्र्याला?"

"पुस्तकात देतात की!" सुमी म्हणाली.

शनिवारी सकाळीच बाजरीच्या भाकरी थापल्या. सुमी पुढे, दोरी धरून आबा, मागे टोपली घेऊन मी. शेजारच्या काकू ओरडल्या, "काय गं, लग्न ठरलं का त्याचं? केळवण चाललंय!" पण तुकडा त्यांनीही दिला.

शेवटी मॅडमचं दार. सुमीने पुस्तकातलं पान दाखवून विनवलं, तेव्हा त्यांनी तुकडा धरून खिडकीच्या गजांतून हात काढला, डोळे घट्ट मिटून. त्या येशूचं नाव घेत होत्या, मी खंडोबाचं... आबांनी दोरी आखूड धरली. खंड्याने नुसत्या ओठांनी तुकडा उचलला.

मॅडमनी डोळे उघडून बोटं पाहिली. "पाचही आहेत," त्या म्हणाल्या. "आबा, राहू द्या त्याला."

आबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि तिथेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला कार्ड टाकलं... 'वन्सं, पुस्तक पोचलं. देवाच्या कृपेने आबा आणि खंड्या दोघंही इथेच राहिले. भेटायला कधी येता ते उलट टपाली कळवा. तुम्हाला तो ओळखतो, दाजींना मात्र दारातच भाकरी हातात धरावी लागेल.'