दगडाखालच्या मासोळीचे वामनराव सर

आधी मॅडमच, म्हणजे सरांच्या बायको, आल्या. शेजारच्या सखूबाई काहीही सांगोत, सर आधी आले नव्हते. सर तेव्हा वैनगंगेत पालथे पडून होते. सखूबाई घाटावरून ओरडत आल्या, "कोणाचा तरी माणूस बुडाला वं!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझाच आहे. बुडाला नाही, मासे बघतोय." मार्कंड्याजवळच्या आमच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत वामनराव सरांची पहिली ओळख झाली ती अशी.

सर चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवत. सुट्टीत समुद्रावर जात, पोवळ्याच्या खडकांत लपलेल्या नखाएवढ्या मासोळ्या पाहून त्यांची चित्रं काढत. नदीचं पाणी उतरलं का तेच काम आमच्याकडे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पोवळं तं गळ्यात घालतेत, भाऊ! त्यात मासोळी कशी राह्यते?" सर हसले नाहीत. वाळूवर बोटानं समुद्राचा तळ काढून दाखवला.

त्या पहिल्याच दिवशी सरांना दगडाखाली एक मासोळी गवसली, त्यांनी कुठीच न पाहिलेली. मेली का रंग उडतात, म्हणून जित्तीच पाहून रंगवायची होती. रेघांचं चित्र झालं. मासोळी गंजात, पाणी भरलेल्या पातेल्यात, ठेवून सर हातपाय धुवायले गेले. आमच्यात पाहुण्यानं मासोळी आणली का ती रांधून त्यालेच आधी वाढतात. सासूबाईंनी ती रस्स्यात सोडली.

ताटावर बसल्यावर सरांनी रिकामा गंज पाहिला. मॅडमचा घास हातातच राहिला.

"कशी झाली, भाऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"बाई, अजून थोडी वाढा," सर म्हणाले.

सासूबाई देवाघरी गेल्या, तोवर सरांनी त्यांना कळू दिलं नाई. मलेही मॅडमनी मागाहून सांगितलं. चित्र मात्र बिनरंगाचंच राहिलं. कोणी म्हणालं, भरा काहीतरी मातकट रंग, कोण पाहते? सर म्हणाले, "मीच नीट पाहिला नाही, तर भरू कसा?" दरवर्षी येत राहिले. दगड दोन्ही हातांनी उचलायचा, होता तसाच ठेवायचा. पोट्टे दगड आडवेतिडवे टाकत, सर त्यांनाही सांगत, "अरे, कोणाचं तरी छप्पर आहे ते."

साठी आली, गुडघे धरतात, तरी परवा उतरलेच. आणि सापडली! दगडाच्या पोटाला अंडी चिकटलेली, मासोळी तिथीच शेपटी हलवत, पळेचना. पाणी गढूळ, काचेच्या भांड्यात घेतल्याशिवाय रंग दिसणार नव्हता.

मी ओरडली, "घ्या सर, लवकर घ्या!"

सरांनी दगड हळूच जागेवर टेकवला. "पिल्लं निघू द्या, बाई."

"आन् गेली तं?"

"तर गेली."

सरांच्या साठीच्या या पुस्तकात त्यांचे मोठमोठे विद्यार्थी लिहितील. मी चौथी शिकलेली, मले एवढंच लिहिता येते. ज्या देवानं मार्कंडेयाले यमाच्या फासातून सोडवलं, त्याच्याच दारची मी. सरांना शंभर वर्षं नि गुडघ्यांत बळ मागून ठेवलं आहे. शिवरात्रीची जत्रा उठली का पहिल्या सोमवारी सर-मॅडम दोघंही तो दगड पाहायले येतो म्हणून सांगून गेले आहेत.