मामांनी पारखलेलं मशीन

बेक्वाईत माणूस मेला की घरचे आधी पेटीवाल्या सुताराकडे जात आणि तिथून थेट अम्पोन्सामामांकडे. कोर्टासमोरच्या आंब्याखाली मामांचं टेबल, टेबलावर टाइपरायटर. अंत्यविधीच्या शनिवारी शवपेटीपुढे उभं राहून वाचायचं चरित्र मामाच टाइप करून द्यायचे. गावातला नामांकित दारुडा त्यांच्या हाताखालून गेला की ‘मित्रांत रमणारा’ व्हायचा आणि कजाग म्हातारी ‘स्पष्टवक्ती’. कुणी हसलंच तर म्हणायचे, “हस, हस. उद्या तुलाही माझ्याच टेबलावर यायचंय.”

दहाही बोटांनी, मान वर ठेवून टाइप करणारा गावात हा एकच माणूस. पुढे गल्लोगल्ली संगणकाची दुकानं झाली. लोक मेलेल्याचे रंगीत फोटो घालून चकचकीत पुस्तिका काढू लागले. मामांच्या टेबलावर कागद कमी आणि आंब्याचा पाला जास्त दिसू लागला. तरी इस्त्रीचा सदरा घालून ते रोज जाऊन बसत.

अशात त्यांच्या बहिणीच्या मुलीला, पोकुआला, कुमासीच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. तिला पूल बांधायचे होते. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं. बाप लाड करतो, पण शिकवायचं कुणी, तर मामाने. त्यामुळे लॅपटॉप मामाच घेणार, हे कुणी कुणाला विचारलंही नाही.

वरच्या वर्गातल्या एका मुलीने पोकुआला पढवून ठेवलं होतं. “वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलाच घे. दिसायला रेडा असला तरी चालेल. नाहीतर पुलाचं ड्रॉइंग उघडलंस की मशीन फतकल मारून बसेल.”

कुमासीला आडुम बाजारात फीफी नावाच्या पोराचं दुकान होतं. रेडा तिथे कोपऱ्यात होता. काळा, जाड, अगदी सांगितल्यासारखा. पोकुआचा जीव तिथेच अडकला. मामांनी मात्र खुर्ची ओढली आणि एकेक लॅपटॉप पुढ्यात घेऊन त्यावर आपलं ठरलेलं वाक्य टाइप करायला सुरुवात केली: या सद्गृहस्थांचा जन्म बेक्वाई येथे झाला.

“अहो आजोबा, कोण मेलं?” फीफीने घाबरून विचारलं.

“अजून कुणी नाही. तुझा नंबर लावू का?”

काळ्यावर चार शब्द झाले आणि मामांनी तोंड वाकडं केलं. “ही काय बटणं? मक्याच्या शिळ्या केंकेच्या गोळ्यात बोटं घातल्यासारखं वाटतंय.” मग एक पातळ, चंदेरी लॅपटॉप आला. त्यावर मामांची बोटं पडली आणि टकटक टकटक असा स्वच्छ आवाज निघाला. किती तरी दिवसांनी मामांचा चेहरा उजळला. “हा बघ. हा बोलतो.”

“बाप रे! ही बोटं आहेत की पाऊस?” फीफी म्हणाला. दुकानातली माणसं बघायला गोळा झाली.

“मामा, त्या काळ्यात ना—” पोकुआने तोंड उघडलं.

“लेकरू आहे,” मामा जमलेल्या लोकांना हसत म्हणाले. “वजनाला भुललं.”

परक्यांसमोर मामाचा शब्द खाली पाडणारी भाची आमच्यात अजून जन्मायची आहे. पोकुआने तोंड मिटलं. फीफीने खोक्याला दोरी बांधता बांधता सांगितलं, “आवडला नाही तर आठवड्यात बदलून देईन.” ते शब्द तेवढे तिने घट्ट धरून ठेवले.

पण मोठी वस्तू मिळाली की दुसऱ्या दिवशी पहाटे, घरचं वडीलधारं माणूस बरोबर घेऊन, देणाऱ्याच्या दारात आभार मानायला जायचं असतं. आभार मानले की वस्तू पदरात पडली. त्यानंतर तिच्यात खोट काढणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

वाटेत पोकुआ थांबली. “आई, आज नको जाऊया. आधी मला बोलू दे त्यांच्याशी. हा लॅपटॉप कामाचा नाही गं.”

“अगं, काय बोलतेस? त्या आंब्याखाली कुत्रं फिरकत नाही आताशा. कालपासून सगळ्या गल्लीला सांगत सुटलाय, मशीन मी पारखलं म्हणून. तेवढं तरी राहू दे त्याच्याकडे.”

“आणि मी शिकू कशावर?”

“तू हुशार आहेस. निभावशील.”

मामा दारातच उभे होते, पहाटेच इस्त्रीचा सदरा घालून. पोकुआने गुडघा वाकवला आणि आभार मानले.

कुमासीत मशीनने वरच्या वर्गातल्या त्या मुलीचा शब्द खरा केला. पुलाचं ड्रॉइंग उघडलं की पंखा भणाणायचा, पडदा गोठायचा. विभागातल्या संगणकांवर रांग असायची आणि तिचा नंबर येईपर्यंत वीज जायची. पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये ती नापास झाली. मामांचा फोन मात्र रविवारी चुकायचा नाही.

“काय म्हणतंय आपलं मशीन?”

“धावतंय, मामा.”

“धावणारच. पारखलंय कुणी?”

दुसऱ्या वर्षी नाताळाच्या आधी मामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पोकुआ आली तेव्हा ते अंथरुणावर होते. उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पांघरुणावर पडलेला.

“दाखव तुझा पूल,” ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं.

तिने लॅपटॉप उघडला. पंखा भणाणला. अर्धा खांब दिसला आणि सगळं थिजलं. मामा वाट बघत राहिले.

“हे असंच करतं?”

तिला खोटं सुचेना. “हो, मामा.”

“पहिल्यापासून?”

“हो.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस, गं?”

“आभार मानले होते ना, मामा.”

मामांनी डोळे मिटले. म्हणाले, “मी बटणं बघितली. दुसरं काय बघायचं ते मला ठाऊकच नव्हतं.” मग डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. “इस्टर झाला की आडुमला जाऊ. या वेळी बोट तू दाखवायचं. मी तोंड उघडलं तर त्या फीफीला सांगून मला बाहेर काढ.”

इस्टरच्या आधीच मामा गेले.

चरित्र कुणी लिहायचं हा प्रश्नच आला नाही. कुळातले थोरले तिच्या शेजारी येऊन बसले. “लेकी, भाचीला लॅपटॉप दिला, हेही घाल बरं का. लोकांना कळू दे.”

तिने चंदेरी लॅपटॉप मांडीवर घेतला, मान वर ठेवली आणि सुरुवात केली: या सद्गृहस्थांचा जन्म बेक्वाई येथे झाला. बटणं खरंच सुरेख होती. बोट टेकलं की अक्षर उमटत होतं, टकटक, स्वच्छ. लॅपटॉपचं सांगायची जागा आली तेव्हा तिने लिहिलं: भाचीच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः पारखून मशीन घेतलं.

चरित्र संपलं तरी मशीन एकदाही अडकलं नाही. आज तरी अडकायला हवं होतं, म्हणजे मामांचं चरित्र इतक्यात संपलं नसतं, असं पोकुआला वाटत राहिलं.