शनिवारची मंडळी

त्या चर्चमध्ये प्रत्येक उपदेश दोनदा व्हायचा. रविवारी सगळ्या मंडळीसमोर, आणि आदल्या दिवशी पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात, एकट्या पाळकीणबाईंसमोर. रविवारचा सगळ्यांना ठाऊक होता, शनिवारचा कोणालाच नाही.

शनिवारी चहा झाला की पाळकसाहेब फ्रिजवर कोपर टेकून, हातात कागद घेऊन उभे राहायचे. बाई टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरून आठवड्याचे कपडे इस्त्रीला घ्यायच्या. इस्त्री फिरत राहिली तर उपदेश बरा चाललाय. इस्त्री उभी राहिली तर काहीतरी काढावं लागणार.

"ती शाळेतल्या मास्तरांची गोष्ट काढून टाका."

"मंडळीला आवडते ती."

"हो ना. म्हणून तर गेल्या वर्षी दोनदा ऐकवलीत."

पाळकसाहेब घटकाभर हुज्जत घालायचे आणि गोष्ट काढून टाकायचे. रविवारी दारात बायका म्हणायच्या, "आज साहेब काय बोलले हो," तेव्हा बाई खाली बघून हसायच्या. लोकांना तो विनय वाटे. तो निम्म्या मालकीचा आनंद होता.

मग एका शनिवारी पाळकसाहेब म्हणाले, "आज राहू दे, झालाय तयार," आणि स्कूटर काढून भेटीला गेले. पुढच्या शनिवारीही तेच. फ्रिजपाशी कोणी उभं राहिना. बाईंची इस्त्री न अडखळता सगळे कपडे संपवू लागली आणि बाईंना पहिल्यांदाच कळलं, की इस्त्री हे किती कंटाळवाणं काम आहे.

नणंद पलीकडच्याच गल्लीत राहायची. तिला वास लागायला वेळ लागत नसे.

"दादा शनिवारी जातो कुठे, वहिनी?"

"मंडळीतल्या भेटींना."

"मंडळीत दीडशे माणसं आहेत. त्यातलं नेमकं कोण?"

"विचारलं नाही मी."

"ते बरं केलंस. गायनवृंदाची ती नवी बाई शनिवारीच शिकवते म्हणे. आवाज गोड आहे तिचा."

बाईंनी हसून चहा पुढे केला. त्यात साखर घालायची राहून गेली होती.

खरं दुखणं वेगळंच होतं. उपदेश बिघडले असते तर बाईंनी मोठ्या मनानं क्षमा केली असती. पण ते सुधारले होते. बाई रविवारी पहिल्या बाकावर बसून मनातल्या मनात इस्त्री उभी करायला टपलेल्या असत, आणि काढण्याजोगं वाक्य आधीच कोणीतरी काढलेलं असे. आपल्या कपाटाला दुसऱ्या कोणाची किल्ली लागावी, तसं वाटायचं त्यांना.

एका शनिवारी पाळकसाहेब चष्मा विसरून गेले. बाईंनी तो पर्समध्ये टाकला. नवऱ्याला चष्मा पोचवणाऱ्या बाईला पाळत ठेवणारी कोण म्हणेल? गायनवर्गाच्या दारात स्कूटर नव्हती. बाईंना हायसं वाटलं आणि थोडी निराशाही झाली. स्कूटर सापडली बाजाराच्या तोंडाशी, शिंप्याच्या दुकानापुढे.

या शिंप्यानंच पाळकसाहेबांचा झगा शिवला होता. वर्षभरापूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता दुकानामागच्या खोलीत तो खाटेवर पडून असायचा. मशीन सून चालवायची.

"या बाई, बसा," सून पाय न थांबवता म्हणाली. "चालू झालंय कधीच."

"काय चालू झालंय?"

"उपदेश. आधी आमच्याकडे होतो, मग उद्या तुमच्याकडे."

बाई स्टुलावर बसल्या. उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडद्याआडून आवाज येत होता. विषय शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराचा. मध्येच लोखंडावर लोखंड वाजलं. टक.

"बोटात शिवणाची टोपी, अंगुस्तान आहे ना त्यांच्या," सुनेनं समजावलं. "नको असलं की खाटेच्या गजावर मारतात."

"लांबतंय का?" आत पाळकसाहेब विचारत होते. टक. "बरं, काढतो."

काढतो. हुज्जत नाही, मंडळीच्या आवडीनिवडी नाहीत. आणि टक पडली होती नेमकी तिथेच, जिथे त्यांची इस्त्री उभी राहिली असती.

"आता एक प्रश्न," पाळकसाहेब पुढे म्हणाले. "फार वर्षांपूर्वी एका बाईनं मला विचारला होता. मेंढपाळ त्या एकामागे रानात गेला. मागे राहिलेल्या नव्याण्णवांना कोणाच्या भरवशावर सोडलं?"

बाई ताठ बसल्या. दोन्ही मुलं तापानं फणफणली होती आणि हे कोणाच्या तरी उशाशी बसून पहाटे घरी आले होते, त्या दिवशीचा तो प्रश्न. तेव्हा ते हसले होते.

"मी तेव्हा हसलो," पाळकसाहेब म्हणाले. "पण ज्यांना कोणी शोधायला जात नाही, कारण ती कधी हरवतच नाहीत—"

टक.

"हे नको?"

टक.

"काढू नका, राहू द्या ते," पडद्याबाहेरून आवाज आला.

मशीन थांबलं. पाळकसाहेबांनी पडदा सारला आणि ते चष्म्याशिवाय बायकोकडे बघत राहिले. शिंप्यानं बाईंकडे बघतच गजावर पुन्हा एकदा ठोकलं.

"त्यांना नकोच असणार," बाई म्हणाल्या. "ते तुमचं एक मेंढरू. मी उरलेल्या नव्याण्णवांतली. राहू द्या म्हटलं."

घरी येताना स्कूटरवर पाळकसाहेब म्हणाले, "त्याला चर्चला येता येत नाही. एकदा सहज वाचून दाखवला, मग सवय लागली."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"दोघांचं ऐकावं लागलं असतं."

रविवारी तो भाग न काढता तसाच ठेवला. उपदेश लांबला. कोणी घड्याळ बघितलं, कोणी खोकलं. मागच्या बाकावरच्या दोन-तीन बायकांनी मात्र आवरायला घेतलेल्या पिशव्या पुन्हा खाली ठेवल्या.

"आज दादाचं जरा लांबलंच," नणंद दारात म्हणाली.

"लांबलं खरं," बाई इतक्या गोड म्हणाल्या, की नणंद संशयानं बघत राहिली.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेब निघाले, तर बाई बिनइस्त्रीच्या कपड्यांची पिशवी घेऊन स्कूटरपाशी उभ्या.

"तू कुठे?"

"भेटीला."

शिंप्याच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलावर त्यांनी ब्लँकेट अंथरलं. शिंप्यानं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी शिंप्याकडे. नमस्कार दोघांनीही टाळला. पाळकसाहेबांनी सुरुवात केली आणि थोड्या वेळानं, दोघांच्या मधोमध उभे राहून, सांगू लागले, "आमच्या शाळेत एक मास्तर होते..."

टक.

बाईंची इस्त्री उभी राहिली. ठोका अगदी बरोबर होता. इतकी वर्षं तो त्यांनीच मारला होता. त्यांनी शर्टाची झालेली बाही पुन्हा पसरली आणि इस्त्री फिरवायला घेतली.

"राहू द्या की," त्या म्हणाल्या. "मंडळीला आवडते."

पाळकसाहेबांनी कोणाचं मन बदलायच्या आत पुढचा कागद उलटला. आणि त्या रविवारी शाळेतल्या मास्तरांची गोष्ट मंडळीनं पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ऐकली.