निर्माल्याची पिशवी

होक्काइडोच्या विद्यापीठात मी बर्फ मोजते. तळं गोठलं की भोक पाडायचं, जाडी टिपायची आणि कुठे पाय ठेवायचा नाही ते विद्यार्थ्यांना बजावायचं. घरी आईला मात्र यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती.

ती रोज देवाला सुपरमार्केटमधली शेवंती वाहायची आणि आदल्या दिवशीची फुलं पिशवीत साठवायची. बाल्कनीतली पिशवी फुगत चालली.

"मंगळवारी जाळायचा कचरा नेतात, त्यात टाक," मी म्हणायचे.

"देवाची फुलं कचऱ्यात? वाहत्या पाण्यात सोडू की."

"आई, इथे मार्चपर्यंत काही वाहत नाही."

हेच रोज. एका शनिवारी माझं डोकं फिरलं. "मग जा, तूच शोध नदी!" म्हणून मी लॅपटॉप उघडला.

तासाभराने बघते तर आई नाही, पिशवीही नाही. बूट कसेबसे अडकवून धावले. नदी घरामागेच आहे. उन्हाळ्यात तिला काठ असतो, गवत असतं, बदकं असतात. आता पलीकडच्या झाडांपर्यंत शाळेच्या मैदानासारखं सपाट पांढरं होतं. आईच्या पावलांची रांग सरळ मध्यापर्यंत गेलेली, आणि तिथे तिचा मरून कोट.

नदीचा बर्फ तळ्याहून दगाबाज. पाणी त्याला खालून खात असतं, आणि वर भुसभुशीत थर असला की पातळ जागा दिसत नाही. दरवर्षी हे नव्या मुलांना मीच सांगते. आता मी होते तिथेच थांबले. हाकेने दचकून ती बाजूला सरकली तर? मी भयंकर घाबरले होते. मीच पाठवलं होतं तिला.

शेवटी जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "आई, आलीस तशीच परत ये. आपल्याच पावलांवर पाय ठेव."

ती आली. सावकाश, कमरेवर हात ठेवून. पिशवी तशीच भरलेली.

"केवढं गं हे मैदान," ती ओशाळून म्हणाली. "नदी काही सापडली नाही. आणखी पुढे आहे का?"

"हो," म्हटलं, "खूप लांब आहे."

मंगळवारी सकाळी तिने स्वतःच पिशवी खाली रस्त्यावर, कावळ्यांनी फाडू नये म्हणून कचऱ्यावर टाकतात त्या जाळीखाली ठेवली आणि हात जोडले. मी खिडकीतून बघत होते. थांब म्हटलं असतं, तर "मग ने नदीवर" म्हणाली असती, आणि शनिवारी ती कुठे उभी होती ते मला सांगावं लागलं असतं.