आक्काची फळी

माझी थोरली बहीण गंगूआक्का वलवणला दिलेली. किडन्या गेल्यावर तिचं पोटाचं डायलिसिस घरीच चालायचं. त्याच्या पाण्याच्या पिशव्यांची खोकी दर महिन्याला यायची. हितली ओल लय वाईट, म्हणून तिनं फळीवरची भाताची पोती खाली उतरवली आन तितं खोकी रचली.

दाजी म्हणलं, "आन भात भिजला मंग?"

"भात दुसरा मिळंल. मी दुसरी मिळंल का तुमाला?"

दाजी हसलं, "बघतो की!"

गेल्या महिन्यात आक्का गेली. उरलेली खोकी दवाखान्यात ईचारून कुसगावच्या पेशंटला दिली. काल मी एक पोतं मोकळ्या फळीवर ठिवाया गेलो, तर दाजी म्हणलं, "खालीच ठेव रं. तिला ईचारल्याबिगर फळीला हात लावत न्हाई मी."