अक्का डोळे दाखवायला गेल्यात

आमच्या घरात मला जपानला जाऊ द्या म्हणणारी एकटी अक्का होती. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी परत आली आणि राहिली. आई शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून ते माझ्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. नाना मिरचीचे व्यापारी. चार गावच्या लोकांशी बोलून बोलून त्यांची मराठी शहरी झाली होती, पण अक्का शेवटपर्यंत अहिराणीच बोलली.

धुळ्याला कॉलेजात असताना मी संध्याकाळचा जपानी भाषेचा वर्ग लावला. त्यातूनच वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी जपानला जायला माझी निवड झाली. नाना म्हणाले, "एवढ्या लांब एकटी मुलगी? लोक काय म्हणतील?" अक्का पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "जाऊ दे तिले. मी कोठेच गऊ नही, ती तरी जाई." नाना तिच्यापुढे कधी बोलत नसत. मी गेले.

तिथलं गाव लहान, समुद्रकाठचं. भाषाशाळेत बहुतेक मुलं चीन आणि व्हिएतनामची. भारतातली मी एकटीच, त्यामुळे दिवसभर माझं बोलणं म्हणजे अडखळणं. रविवारी घरी व्हिडिओ कॉल केला की तोंड मोकळं व्हायचं. फोन आईच्या हातातून अक्का ओढून घ्यायची. "जेवनी का व माय? तठला लोके काय खातस?" मग म्हणायची, "बोली दखाड." मी दोन वाक्यं जपानीत बोलले की तिला चिमण्यांची चिवचिव वाटायची, ती पदरात तोंड लपवून हसायची. "चिड्यासनी मायक बोलस व तू!"

गणपतीच्या सुमारास एका रविवारी ती दिसली नाही.

"अक्का डोळे दाखवायला गेल्यात," आई म्हणाली. "भुसावळला. तिथंच राहणार आहेत थोडे दिवस, तुझ्या मोठ्या मावशीकडं."

मागे नाना बसले होते, डोक्यावर टोपी. घरात ते कधीच टोपी घालत नसत. मी हसून म्हटलं, "नाना, पुढारी झालात की काय?" ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

पुढच्या रविवारी अक्काचं ऑपरेशन झालं होतं, तिला फोनकडं बघायची मनाई होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती झोपली होती. नंतर तिला भुसावळातच करमायला लागलं होतं. मला राग यायचा तो अक्काचा. मावशीकडे गेल्यावर एक फोन करता येत नाही तिला?

हिवाळ्यात शाळेत भाषणाची स्पर्धा झाली. विषय होता, माझ्या घरातलं माणूस. मी अक्कावर लिहिलं. ती उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवते, तिचे हात आठवडाभर भगभगतात, म्हणून त्या दिवसांत ती कुणाच्या लेकराला हात लावत नाही. ती वाचू शकत नाही, पण बसच्या रंगावरून गाव ओळखते. आमच्या बाईंनी माझं प्रत्येक वाक्य तपासून दिलं. मला दुसरं बक्षीस मिळालं. भाषणाची चित्रफीत मी घरच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, अक्काला दाखवा. सगळ्यांनी पाहिली. कुणी काही लिहिलं नाही.

थंडी ओसरत असताना धुळ्याच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आता सावरलीस ना गं? अक्कांचं झालं तेव्हा मी लगेच फोन करणार होते, पण तुझे नाना म्हणाले, परीक्षा होऊ दे."

"अक्काचं काय झालं?"

मला नानांची ती टोपी आठवली. टोपीखाली मुंडण होतं, हे आता कळलं. मैत्रीण दहाव्यालाही जाऊन आली होती.

मी घरी फोन लावला. आई रडायला लागली. नानांनी फोन घेतला. "तुझं वर्ष वाया गेलं असतं. आणि येऊन काय करणार होतीस? तिला उठवणार होतीस?"

"रडले असते, नाना."

"आता रड," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी समजावून सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात बाई भेटल्या. त्यांना माझं भाषण आवडलं होतं, त्यांनी आत्याची तब्येत विचारली. मी जपानीत म्हटलं, मेली. त्यांनी हळूच माझा शब्द सुधारला. माणसाबद्दल बोलताना असं म्हणत नाहीत, वारल्या म्हणायचं. मी पुन्हा नीट म्हणून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, कधी? मी सांगितलं, गणपतीत. गणपती म्हणजे कधी तेही सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग भाषणात तुम्ही वर्तमानकाळ का वापरला? मी सांगितलं, तेव्हा माझ्यासाठी ती भुसावळला होती.

अभ्यासक्रम पूर्ण करून मी परत आले. गावात सत्कार झाला, शाल, नारळ, फोटो. बैठकीत नाना पाहुण्यांना सांगत होते, "घरात एवढं दुःख झालं, पण पोरीपर्यंत झळ पोचू दिली नाही." लोक माना डोलावत होते. एक म्हातारे म्हणाले, "बाप असावा तर असा." मी उठून आत गेले.

आत काकू, नानांच्या धाकट्या भावाची बायको, चहा गाळत होती. शेवटचे चार-पाच दिवस धुळ्याच्या दवाखान्यात अक्काजवळ तीच होती. मी विचारलं, "मला कळवू नका असं अक्काच म्हणाली होती का? आई तसं सांगते."

काकूनं दाराकडे बघितलं. "खोटं कशाला बोलू? सारखी म्हणायची, मन्ही पोरले फोन लावा. तुझे नाना म्हणायचे, लावतो. मग नाकात नळी घातली. अशा अवस्थेत दाखवायचं कसं, म्हणून राहिलं."

तो चहा मीच बाहेर नेऊन दिला. नानांनाही दिला.

आता मी पुण्यात एका कंपनीत जपानी साहेबांची दुभाषी आहे. घरी सगळे म्हणतात, बघ, वर्ष सार्थकी लागलं. आईला वाटतं, मी विसरले. गेल्या पावसाळ्यात नानांच्या छातीत दुखलं, धुळ्याला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं होतं. ते घरी आल्यावर मला कळवलं. "तुला कामाचं टेन्शन असतं," आई म्हणाली.

जपान लांब होतं. पुण्याहून संध्याकाळी एसटीत बसलं की सकाळी धुळं येतं.